जुने विजेचे दिवे आणि त्यांचे संग्राहक

विजेचा दिवा गेला की घरातले माणूस तो काढून कानाशी धरते आणि हलवून पाहते. आत तार खुळखुळली म्हणजे निकाल लागला. दिवा कचऱ्याच्या वाटेला लागतो. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात खानदेशातून ताप्ती मार्गाच्या गाडीने येऊन कापडाच्या गिरण्यांत स्थिरावलेली मराठी कुटुंबे आहेत. घरोघर एलईडी दिवे आल्यापासून अशा घरांतही माळा झाडताना एखादा जुना काचेचा गोळा हाती लागतो, आणि फार तर पितळी टोपीपुरता भंगारात जातो. जगात मात्र असे दिवे जमवणारी माणसे आहेत. ती एकमेकांना शोधून काढतात, एकत्र जमतात आणि या निरुपयोगी वस्तूंवर तासन्‌तास बोलतात. हा छंद कशाचा आहे, आणि त्यात वाद कोणत्या गोष्टीवरून होतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

दिवे जमवण्याचा नाद मराठी माणसाला अपरिचित नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून ज्या वस्तू मिळवल्या, त्यांत दिव्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने असलेल्या संग्रहालयात ते दिवे आजही पाहावयास मिळतात. परंतु समईची गोष्ट निराळी. दोनशे वर्षांची समई घासूनपुसून तिच्यात तेल-वात घातली, तर ती पहिल्यासारखीच उजेड देते. कारण जळते ते तेल आणि जळते ती वात, समई नव्हे. विजेच्या दिव्यात मात्र प्रकाश देणारी तार हीच झिजत जाते. पांढरी होईपर्यंत तापलेल्या तारेचे कण उडून काचेला आतून काजळी धरते, तार बारीक होते आणि एके दिवशी तुटते. ती पुन्हा घालता येत नाही. म्हणून जुना दिवा पेटवून पाहणे म्हणजे त्याच्या शिल्लक आयुष्यातून काही काढून घेणे होय. सारा वाद येथूनच सुरू होतो.

संग्राहक एकत्र आले की आधी दिवा वाचला जातो. पुष्कळदा काचेवरची छाप पुसलेली असते, तरीही वय ओळखता येते. गोळ्याच्या माथ्यावर चोचीसारखे टोक असेल, तर दिवा बहुधा १९२० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा समजावा. आतली हवा शोषून घेतल्यावर काचेची नळी माथ्यावर वितळवून बंद करीत, त्याची ती खूण. पुढे ही नळी टोपीत दडवण्याची रीत आली आणि माथा गुळगुळीत झाला. त्यानंतर तारेकडे पाहतात. एडिसनने १८७९ साली जाळून कोळसा केलेला दोरा वापरला, आणि १८८० पासून जपानी बांबूच्या चोयांचा कोळसा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले ते १८८२ साली, म्हणजे हे सारे नवीन असतानाच. कोळशाची तार वळसा घेऊन कमानीसारखी उभी असते. टंगस्टनची पहिली लांब तार पिंजऱ्यासारखी वरखाली ओवलेली दिसते. १९१३ नंतर गोळ्यात वायू भरू लागले आणि तारेची घट्ट वेटोळी झाली. टोपीही बोलते: आपल्याकडे दोन खिळ्यांची, अमेरिकेत आट्यांची. अगदी जुन्या दिव्यांत काचेतून आत जाणारी तार प्लॅटिनमची असे, आणि एवढ्या लोभापायीही दिवा फोडण्याजोगा ठरे.

या छंदातले एक ख्यातनाम नाव म्हणजे अमेरिकेतील बाल्टिमोरचे दंतवैद्य डॉ. ह्यू फ्रान्सिस हिक्स. त्यांचा संग्रह हजारो दिव्यांचा होता. पन्नास हजार वॅटचा अजस्र गोळा त्यात होता आणि भिंगाखाली धरावा असा चिमुकला दिवाही. घराच्या तळघरात त्यांनी हे संग्रहालय मांडले होते. दात दाखवायला आलेला रोगी दिवे पाहून जात असे. पॅरिसच्या भुयारी रेल्वेतला एक जुना दिवा त्यांनी मोहाने काढून घेतला आणि बाकीचे दिवेही विझून अंधार झाला, अशी गोष्ट सांगतात. २००२ साली ते वारले आणि संग्रह त्याच शहरातील उद्योग-संग्रहालयाकडे गेला.

आता पेटवण्याचा वाद. एक पक्ष म्हणतो, न पेटवलेला दिवा म्हणजे नुसती काच. दुसरा म्हणतो, पेटवला तो गमावला. दोघांनाही मान्य होणारा मार्ग विजेचा दाब कमी करण्याचा आहे. दाब शेकडा पाचने उतरवला तरी टंगस्टनच्या दिव्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. उजेड मात्र घटतो. म्हणून जाणते संग्राहक दाब कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर जोडतात, खोलीत अंधार करतात आणि तार निखाऱ्यासारखी लाल होईल एवढीच वीज सोडतात. गोळा तांबूस होऊ लागला की वाद घालणारेही गप्प होतात, यात नवल नाही.

याचा जिवंत दाखला कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावी आहे. ओहायोच्या शेल्बी कंपनीचा, तोंडाने फुंकून घडवलेला, कोळशाच्या तारेचा एक दिवा तेथील अग्निशामक दलाकडे १९०१ पासून लागलेला आहे. देवळातल्या नंदादीपासारखा, किंवा चर्चच्या वेदीपाशी अखंड तेवणाऱ्या दिव्यासारखा तो जपला जातो. आज त्याचा उजेड चार वॅटएवढाच आहे, आणि दीर्घायुष्याचे एक कारणही तेच. १९७६ साली तो नव्या इमारतीत हलवताना आटे फिरवले तर तो फुटेल या भीतीने वायरच कापली, आणि बावीस मिनिटांत पुन्हा वीज दिली. २००१ साली त्याची शंभरी गावजेवण आणि वाद्यवृंदासह साजरी झाली. २०१३ साली तो एकाएकी विझला, तेव्हा सर्वांना वाटले, संपला. नऊ तासांनंतर कळले की दोष दिव्याचा नव्हता. वीज पुरवणारे यंत्र बिघडले होते. २०१५ साली त्याचे दहा लाख तास पूर्ण झाले.

माळ्यावर असा एखादा जुना दिवा सापडला, तर तो ओल्या फडक्याने पुसू नये. काचेवरची छाप पुसून जाते. होल्डरमध्ये लावून पाहण्याचा मोहही टाळावा. परदेशातून आलेला दिवा एकशे दहा व्होल्टचा असू शकतो, आणि आपल्या दोनशे तीस व्होल्टच्या विजेवर तो क्षणभर लखलखून कायमचा जातो.