घरातील अडगळ : खरिपापूर्वी आवराआवर कोठून सुरू करावी?



खरिपाची तयारी म्हटली की नांगरट, कुळवाच्या पाळ्या, शेणखत पसरणे आणि बियाण्यांची जुळवाजुळव ही कामे आपल्या डोळ्यांसमोर येतात. याच दिवसांत करण्याजोगे आणखी एक काम मात्र दरवर्षी मागे पडते. ते म्हणजे घरातील अडगळ काढणे. माळ्यावर, पडवीत, पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे काय काय साठले आहे ते एकदा पाहावे. गेल्या हंगामातील औषधाची अर्धी बाटली, फाटकी पोती, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, बंद पडलेला पंप, उरलेले बी हे सर्व बहुतेक घरांत सापडते.

अडगळ साठते ती आळसामुळे, असे आम्हांस वाटत नाही. ज्या वस्तूसाठी रोख पैसे मोजले ती टाकवत नाही. शिवाय जुन्या पंपाचा एखादा वायसर ऐन फवारणीच्या दिवशी उपयोगी पडल्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठी असतो. म्हणून 'लागेल कधीतरी' असे म्हणून वस्तू पुन्हा माळ्यावर जाते. खरे पाहता झाडलोट तासाभराचीच असते. प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'ठेवावी की काढावी' हे ठरवणे जड जाते आणि तेथेच काम थांबते. यावर सोपा उपाय असा की, ज्या वस्तूंबाबत विचार करण्याचे कारणच नाही त्यांपासून सुरुवात करावी.

औषधांचा कोपरा प्रथम

कीटकनाशकाला आपण सर्रास 'औषध' म्हणतो आणि हा शब्दच कधी कधी घात करतो. खोकल्याच्या बाटलीशेजारी फळीवर कीटकनाशक ठेवलेले आम्ही विद्यार्थ्यांबरोबर गावोगाव फिरताना पाहिले आहे. वेष्टनावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नये, तेही विषच आहे.

हातमोजे घालून, नाकातोंडाला फडके बांधून सर्व बाटल्या व पुडे अंगणात मांडावेत. मुलांना व जनावरांना लांब ठेवावे. मुदत संपलेले, गळणारे व चिठ्ठी निघून गेलेले एका बाजूस काढावे. चिठ्ठी नसलेल्या बाटलीत काय आहे हे वास घेऊन ओळखण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. फोरेट व ट्रायझोफॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा घरात असल्यास तो वापरू नये. असा माल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नये, जाळूही नये. झाकण घट्ट लावून कुलपात वेगळा ठेवावा आणि विल्हेवाटीबाबत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे.

उरलेले चांगले औषध मूळ बाटलीतच राहू द्यावे. शीतपेयाच्या किंवा दारूच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय जिवावर बेतते. विषबाधा झाल्यास डॉक्टरांना प्रथम वेष्टनावरील माहिती लागते, ती मग मिळत नाही. रिकामे डबे फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात घालावे व डब्यास भोके पाडावीत. दिसायला कितीही चांगला असला तरी असा डबा तेलासाठी, पाण्यासाठी वापरू नये. तणनाशकाचा पंप खूण करून वेगळा ठेवावा. कपाशी २,४-डी या तणनाशकाला फार नाजूक असते. न धुतलेल्या पंपातील अंशानेही तिची पाने वेडीवाकडी होतात.

कोठीमागची जागा

उंदीर उघड्यावरून न जाता भिंतीच्या कडेने, आडोशाने फिरतात. पोती भिंतीला टेकलेली आणि मागे चिंध्यांचा ढीग असला म्हणजे त्यांना आयते घर मिळते. उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री फिरणारी आहे, म्हणून अडगळीत अंधारात हात घालू नये. ढीग दिवसा, काठीने हलवूनच उपसावा. धान्याची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट सोडून ठेवावीत म्हणजे मागून झाडता येते. जुनी पोती पुन्हा वापरायची असल्यास उलटी करून झटकावीत व कडक उन्हात वाळवावीत, कारण शिवणीत किडींची अंडी व अळ्या राहतात.

घरचे सोयाबीन बी आवरताना पोते आपटू नये. या बियाण्याचे साल पातळ असते आणि आपटल्याने उगवण घटते. त्याच दिवशी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व गोणपाट ओलसर राखावे. सात दिवसांनी ७० किंवा अधिक चांगले कोंब आले तर बी पेरणीयोग्य समजावे. कमी आल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागेल किंवा दुसरे बी पाहावे लागेल. पेरणीनंतर रान मोकळे दिसण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

राहिलेला पसारा

विष व नासके सामान निघाले की निम्मी जागा मोकळी होते आणि पुढच्या कामाला हुरूप येतो. तरीही सारे घर एका दिवसात काढायला बसू नये. दुपारी ऊन असते, तेव्हा एक कोपरा, एक तास, एवढेच ठरवावे. घरातील कर्त्या पुरुषांनी हे काम बायकांवर टाकू नये. पसाऱ्यातील पाने, पंप, नळ्या बहुधा त्यांनीच आणून टाकलेल्या असतात आणि त्यांना विचारल्याशिवाय घरच्या बाईला त्यातले काही काढता येत नाही. दोघांनी मिळून बसल्यास निकाल लवकर लागतो.

दोन हंगाम ज्या वस्तूला हात लागला नाही ती भंगारात द्यावी. वायसर, नोझल, खिळे एका डब्यात घालून तो पंपाशेजारीच टांगावा. आजोबांचा लाकडी नांगर किंवा तिफण मात्र या हिशोबात धरू नये. जागा असेल तर ती अवजारे खुशाल ठेवावीत, फक्त त्यांना वाळवी लागलेली नाही ना ते पाहावे.

काय शिल्लक आहे याची यादी खडूने दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावी व दुकानात जाण्यापूर्वी ती वाचावी. घरात असलेले बुरशीनाशक सापडले नाही म्हणून पुन्हा विकत आणले जाते, हा खर्च त्यामुळे वाचतो.