लाजेपोटी लपवलेली गाठ जिवावर बेतू नये

मुंबई - कुर्ल्यातील अनेक चाळींत एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. आंघोळीसाठी पडदा लावलेली मोरी आणि बाहेर पुढच्याची घाई. अशा घरात तरुणाला स्वतःच्या शरीराकडे निवांत लक्ष देण्याची सवड मिळत नाही. वृषणावर एखादी गाठ हाताला लागलीच, तर ती वडिलांना किंवा भावाला सांगणेही अवघड वाटते. वृषणाच्या कर्करोगात नेमका हाच संकोच घातक ठरतो.

भारतात हा कर्करोग विरळ आहे. वर्षाला एक लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी जणांना तो होतो. मात्र कर्करोग हा उतारवयातला आजार, हा समज तो खोटा ठरवतो. तो प्रामुख्याने १५ ते ४० या वयोगटात आढळतो. जन्मतः वृषण अंडकोशात न उतरलेल्या, तसेच वडील किंवा भावाला हा आजार झालेल्या पुरुषांना धोका अधिक असतो. बालपणी शस्त्रक्रियेने वृषण खाली आणले असले, तरी दक्षता सोडू नये.

तपासणी कशी करावी?

कोमट पाण्याने आंघोळ केल्यावर अंडकोशाची त्वचा सैल पडते. त्या वेळी अंगठा व बोटे यांच्यामध्ये एकेक वृषण धरून हलकेच फिरवावे. दोन मिनिटे पुरेशी होतात. निरोगी वृषण गुळगुळीत लागते. मागच्या बाजूस जाणवणारी मऊ, दोरीसारखी रचना म्हणजे अधिवृषण (एपिडिडिमिस) ही नलिका असते. तिला गाठ समजू नये. एक वृषण किंचित मोठे असणे किंवा खाली लोंबणे हेही स्वाभाविक आहे.

वाटाण्याएवढी टणक गाठ, आकारात झालेला बदल, जडपणा किंवा ओटीपोटातील मंद दुखणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. ही गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. याउलट वृषणात अचानक तीव्र वेदना झाल्यास वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी काही तासांतच उपचार व्हावे लागतात.

लक्षणे नसलेल्यांनी दरमहा तपासणी करावी का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०११ मध्ये तशी सरसकट शिफारस करण्यास नकार दिला. परंतु स्वतःचे शरीर ओळखीचे असावे आणि बदल जाणवताच डॉक्टर गाठावा, याविषयी दुमत नाही.

जाहिरातींपासून सावध

पाण्याने झालेली सूज, फुगलेल्या शिरा किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही फुगवटा येतो. निदान मात्र डॉक्टरांनीच करावे; भिंतींवरच्या आणि लोकलच्या डब्यातल्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या नादी लागू नये. कुर्ल्यातील महापालिकेचे भाभा रुग्णालय किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळच आहे. सोनोग्राफी व रक्ततपासणीने पुढची दिशा ठरते. संशयित वृषणात अंडकोशातून सुई घालून तुकडा काढला जात नाही, कारण त्यामुळे रोग पसरण्याचा धोका असतो. जांघेतून शस्त्रक्रिया करून ते वृषण काढले जाते. कर्करोगावरील उपचारांसाठी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे.

बरा होणारा कर्करोग

१९७० च्या दशकात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनवर आधारित औषधयोजना रूढ केली आणि पसरलेला रोगही बरा होऊ लागला. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचा कर्करोग १९९६ मध्ये फुप्फुसे व मेंदूपर्यंत पोहोचला होता. तोही बरा झाला. क्रिकेटपटू युवराजसिंग याला वृषणात नव्हे, तर दोन फुप्फुसांमधील जागेत याच जातकुळीची गाठ झाली होती. २०१२ मध्ये त्याच्यावर आइनहॉर्न यांच्याकडेच उपचार झाले आणि तो पुन्हा मैदानात उतरला.

एक वृषण निरोगी असल्यास वैवाहिक जीवन व अपत्यप्राप्ती बहुधा शक्य असते. उपचारांपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारावे. लवकर सापडलेला हा रोग जवळजवळ नेहमीच बरा होतो. त्यासाठी रुग्णाने पहिल्याच आठवड्यात तोंड उघडायला हवे.