नगरच्या छावणीतलं आयरिश बिऱ्हाड

१२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा भुईकोट किल्ला शिंद्यांच्या हातून गेला. तो घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली हा मूळचा डब्लिनचा. पुढे इथे इंग्रजांची छावणी उभी राहिली आणि तिच्यातून आयरिश शिपायांच्या पिढ्या येत-जात राहिल्या. इंग्रजांच्या फौजेत आयरिश माणसांचा भरणा मोठा होता. घरी जमीन नाही, हाताला काम नाही, म्हणून ही माणसं राणीची नि राजाची चाकरी पत्करून समुद्र ओलांडत. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. एका बिऱ्हाडाचं नाव मात्र जगभर गेलं, ते मिलिगनांचं.

लिओ अल्फोन्सो मिलिगन आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोचा. नोकरी तोफखान्यातली, पण जीव अडकलेला रंगमंचात. नाच, गाणं, सोंगं यांत तो पटाईत होता. बायको फ्लॉरेन्स केटलबंड इंग्रज, तीही लष्करी घरातलीच. पियानो वाजवायची, गायची. दोघं मिळून फौजेच्या करमणुकीचे कार्यक्रम करत. १६ एप्रिल १९१८ रोजी नगरला त्यांना मुलगा झाला, टेरेन्स ॲलन. पुढे सगळं जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखू लागलं.

त्या वेळचं नगर युद्धाच्या सावटाखाली होतं. पकडून आणलेल्या जर्मन नागरिकांची बंदिछावणी इथेच होती. तिकडे आयर्लंड इंग्रजांविरुद्ध उठत होतं. १९२० मध्ये जालंधर आणि सोलनच्या छावण्यांतल्या कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीने मायदेशातल्या अत्याचारांच्या निषेधार्थ हत्यारं खाली ठेवली आणि जेम्स डाली या शिपायाला गोळ्या घालण्यात आल्या. आपल्यावर राज्य करणाऱ्या फौजेतली ही माणसं स्वतःही एका जिंकलेल्या देशाची होती. मिलिगन कुटुंबाकडे बघताना हे विसरून चालणार नाही. ते मालकांच्या बाजूला उभे होते, पण मालक नव्हते.

टेरेन्सचं बालपण पुण्याच्या कॅम्पात गेलं. कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ही त्याची शाळा. मग वडिलांची बदली रंगूनला झाली. धाकटा भाऊ डेस्मंड तिथेच जन्मला. मंदीच्या काळात लष्कराच्या खर्चाला कात्री लागली, लिओची नोकरी गेली आणि हे बिऱ्हाड इंग्लंडात पोचलं. आग्नेय लंडनमधलं धुरकट आभाळ, अपुरा पैसा आणि कारकुनी, हमालीसारखी मिळेल ती कामं. मुलाला ज्या देशाला ‘घर’ म्हणायला शिकवलं होतं, त्या देशात तो आता राहायला आला होता.

दुसऱ्या महायुद्धात तो वडिलांसारखाच तोफखान्यात गेला. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत कसिनोजवळच्या लढाईत जखमी झाला. शरीराची जखम भरली, मनाची भरली नाही. १९५१ ते १९६० या काळात बीबीसीच्या नभोवाणीवर त्याचा ‘द गून शो’ हा विनोदी कार्यक्रम गाजला. सोबतीला पीटर सेलर्स आणि हॅरी सेकम्ब होते, पण संहितांचा बहुतेक भार मिलिगनवर. दर आठवड्याच्या त्या लिखाणाखाली १९५२ च्या अखेरीस तो कोसळला, इस्पितळात ठेवावं लागलं. नैराश्याचे झटके जन्मभर येत राहिले. याच कार्यक्रमात मेजर ब्लडनॉक नावाचं एक पात्र आहे. हिंदुस्थानी फौजेतून निवृत्त झालेला, लाचखाऊ, पक्का भित्रा. साम्राज्याची अशी टवाळी त्याच्याच छावणीत वाढलेलं पोरच करू जाणे. पुढे मॉन्टी पायथन या विनोदी संचाच्या मंडळींनी मिलिगनचं ऋण उघड मान्य केलं.

दरम्यान आई-वडील आणि डेस्मंड ऑस्ट्रेलियात गेले आणि वॉय वॉय नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात स्थिरावले. स्लायगोहून निघालेला लिओ पुणे, नगर, रंगून, लंडन करत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचला.

मुलाच्या वाट्याला वेगळाच पेच आला. १९६२ मध्ये ब्रिटनने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि ब्रिटनसाठी लढलेल्या, जखमी झालेल्या या माणसाचा ब्रिटिश पासपोर्टवरचा हक्क अडचणीत आला. कारण एकच, जन्म हिंदुस्थानातला. राजनिष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला. वडील स्लायगोचे म्हणून आयरिश नागरिकत्व मात्र मिळत होतं, ते त्याने घेतलं.

पुढच्याच वर्षी त्याची ‘पुकून’ ही कादंबरी आली. आयर्लंडची फाळणी करणारा आयोग नकाशावर रेघ ओढतो आणि ती नेमकी पुकून या गावातून जाते. दारूच्या गुत्त्याचा एक कोपरा पलीकडच्या हद्दीत जातो. तिथे दारू स्वस्त, म्हणून सगळं गिऱ्हाईक त्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभं! चर्च एका देशात आणि दफनभूमी दुसऱ्या देशात. मग मढं पुरायचं तर त्याचा पासपोर्ट काढावा लागतो. फाळणीची रॅडक्लिफ रेघ सोसलेल्या आपल्या देशाला या कादंबरीचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. मला तरी मिलिगनचं हे सर्वांत मोलाचं काम वाटतं. वाचताना हसू येतं आणि हसता हसता घसा दाटतो.

२००१ मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहुड दिला, पण मानद. परदेशी नागरिक म्हणून नावाआधी ‘सर’ लावता येईना. २७ फेब्रुवारी २००२ रोजी ससेक्समधल्या राय गावी तो वारला. आपण आजारी आहोत हे सांगितलं होतं ना, अशा अर्थाचं वाक्य त्याला थडग्यावर हवं होतं. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत पटेना. अखेर आयरिश भाषेत कोरायला त्यांनी मान्यता दिली.

नगरचा इतिहास सांगताना आपण चांदबीबी सांगतो, मलिक अंबर सांगतो, किल्ल्यातल्या कैदेत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिणारे नेहरू सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षं इथे राहून गेलेली छावणीतली साधी माणसं त्यात फारशी येत नाहीत. लिओ, फ्लॉरेन्स आणि त्यांचा थोरला मुलगा यांच्यासाठी त्यात एक पान असावं, आणि ते लिहिणाऱ्याने आधी ‘पुकून’ वाचावी.