यंत्राची हजेरी

ज्यांना पडदा नाही, कळफलक नाही, आणि अडून बसल्यास ज्यांचे बटण दाबावयास आसपास मनुष्यही नाही, अशा संगणकांची संख्या आपल्या टेबलावरील संगणकांहून कितीतरी अधिक आहे. मोटारीच्या ब्रेकमध्ये, लिफ्टच्या नियंत्रकात, एखाद्या निर्जन टेकडीवरील पर्जन्यमापकात ते वर्षानुवर्षे नेमून दिलेले काम करीत असतात. अशा यंत्रातील प्रोग्राम कधी अंतहीन आवर्तनात सापडतो, कधी न येणाऱ्या उत्तराची प्रतीक्षा करीत खोळंबतो, तर कधी विद्युत्प्रवाहातील क्षणिक विक्षोभाने मेमरीतील एखादा अंक पालटून भलत्याच वाटेस लागतो. आणि आपण अडलो आहो हे सांगण्याची शुद्धही त्याला उरत नाही. म्हणून ही कैफियत दुसऱ्याने मांडावी लागते, आणि ते काम ‘वॉचडॉग टायमर’ नावाच्या अगदी साध्या सर्किटकडे सोपविलेले असते.

ठरलेल्या मुदतीपासून शून्याकडे मोजत जाणारा हा एक गणक. प्रोग्राम शुद्धीवर असेतोवर तो मुदतीच्या आत या गणकाला पुन्हा आरंभाच्या अंकावर आणून ठेवतो, यालाच अभियंते ‘किक देणे’ म्हणतात. ती हजेरी चुकली, की कसलीही चौकशी न करता वॉचडॉग प्रोसेसर रीसेट करतो. हौशी मंडळींच्या परिचयाच्या अर्दुइनो उनोतील चिपमध्ये ही मुदत 16 मिलिसेकंदांपासून 8 सेकंदांपर्यंत ठेवता येते, आणि तिची मोजणी मुख्य घड्याळावर नव्हे, तर 128 किलोहर्ट्झच्या स्वतंत्र ऑसिलेटरवर चालते. कारण ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा, त्याच्याच घड्याळावर पहारेकऱ्याने विसंबणे शहाणपणाचे नव्हे. याच चिपची एक खोड अशी, की अशा रीसेटनंतर वॉचडॉग चालूच राहतो, तोही किमान मुदतीवर. तेव्हा आरंभीच त्याचा बंदोबस्त न केल्यास यंत्र उठते, कोसळते आणि पुन्हा उठते, असे अखंड चालू राहते.

किक कोठून द्यावयाची, हा खरा कळीचा प्रश्न. आणि माझ्या मते बहुतेक निष्काळजीपणा येथेच घडतो. टायमरच्या इंटरप्टमधून, म्हणजे ठरावीक अंतराने मुख्य काम क्षणभर थांबवून चालणाऱ्या तुकड्यातून, ती देणे सर्वांत सोपे. परंतु मुख्य काम ठप्प झाले तरी इंटरप्ट बिनबोभाट चालू राहू शकतो, आणि मग वॉचडॉगच्या दप्तरी मृताचीही हजेरी लागत राहते. प्रत्येक कामाने स्वतःची खूण ठेवावी आणि सर्व खुणा जमल्यावरच एका ठिकाणाहून किक जावी, हा मार्ग अधिक कष्टाचा, पण भरवशाचा. काही वॉचडॉग तर मुदतीच्या फार आधी आलेली किकही गुन्हाच समजतात.

1994 साली चंद्राचे सर्वेक्षण आटोपून एका लघुग्रहाकडे जावयास निघालेल्या क्लेमेंटाइन या अमेरिकी यानाचा संगणक 7 मे रोजी बिघडला आणि त्याचे थ्रस्टर 11 मिनिटे पेटत राहिले. इंधन संपले, यान मिनिटाला सुमारे 80 फेऱ्या घेऊ लागले, आणि लघुग्रहाची भेट कायमची हुकली. थ्रस्टरांना मुदत घातलेली होती, पण ती सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे अडकलेल्याच्याच हाती. हार्डवेअरमधील वॉचडॉग उपलब्ध असून वापरात आणलेला नव्हता.

उलट 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेले पाथफाइंडर काही दिवसांतच आपोआप रीसेट होऊ लागले, तेव्हा तो रक्षक जागा असल्याचाच दाखला होता. यानातील माहितीची देवाणघेवाण सेकंदाच्या आठव्या हिश्शाने चाले, आणि प्रत्येक हिश्शात अत्युच्च अग्रक्रमाचे एक काम मागील हिश्शातील माहितीचे वाटप पुरे झाले की नाही हे तपासून, न झाल्यास सरळ रीसेटचा हुकूम सोडी. म्हणजे येथे पहारा सॉफ्टवेअरचाच होता. पण तो सर्वांच्या वर बसविलेला असल्याने गुंत्यात सापडला नाही. हवामानाची नोंद घेणारे कनिष्ठ काम सामाईक साधनाचे कुलूप लावून बसे, वाटपाचे वरिष्ठ काम त्या कुलपापाशी थांबे, आणि मधल्या अग्रक्रमाची कामे पुढे घुसून त्या कनिष्ठाला कुलूप उघडण्याची सवडच देत नसत. हाच तो ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’. जमविलेली माहिती रीसेटने नाहीशी होत नसे, मात्र त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर तहकूब होत.

रीसेटने वेळ निभावत होती, रोग तसाच होता. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही तो डोकावला होता. परंतु पुन्हा घडवून आणता न आल्याने सापडला नव्हता. आता जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिरूप संगणकावर तो घडवून आणला, आणि कुलूप धरून बसलेल्या कनिष्ठ कामास वाट पाहणाऱ्या वरिष्ठाचा अग्रक्रम तात्पुरता मिळावा, ही बंद ठेवलेली सोय चालू करणारा छोटासा बदल मंगळाकडे धाडला. त्यानंतर हे रीसेट थांबले, आणि 30 दिवसांच्या कामगिरीवर धाडलेले ते यान सप्टेंबरअखेरपर्यंत माहिती पाठवीत राहिले.