कमरेची सुरी की खिशातला चाकू?



सकाळी गोठ्यात पाय टाकल्यापासून रात्री दाराला कडी लावेपर्यंत आपण काय काय कापतो, याचा हिशेब कधी केला आहे काय? कडब्याच्या पेंढीचा बंध, खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, ठिबकची नळी, बांधावरची ओली फांदी, दुपारच्या भाकरीबरोबरचा कांदा. एवढ्या कामांसाठी दर वेळी कोणी घरी विळा आणायला जात नाही. म्हणून बहुतेकांच्या खिशात, पिशवीत किंवा कमरेला एखादे पाते असतेच.

मात्र बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. चाकू घेताना आठवडी बाजारात पालावर जो चकाकतो तो उचलतो. ही खरेदी थोड्या पैशांची असली, तरी चूक झाली तर बोट जाते, आणि हाताला बोट नसले तर शेतीचे निम्मे काम अडते. तेव्हा कोणते पाते कोणत्या कामाला घ्यावे, याचा आज विचार करू.

दोन जाती

रोज जवळ बाळगायच्या पात्यांच्या मुख्य जाती दोन. एक सरळ सुरी. हिचे पाते मुठीत पक्के बसवलेले असते, ते मिटत नाही, म्हणून तिला म्यान लागते. दुसरा घडीचा चाकू. याचे पाते एका खिळ्यावर फिरून मुठीच्या खाचेत मिटते, म्हणून तो खिशात मावतो. विळा, खुरपे, कोयता ही आपली जुनी अवजारे सरळ सुरीच्याच कुळातली आहेत. कष्टाच्या कामासाठी आपल्या वाडवडिलांनी घडीचे पाते ठेवले नाही, यात मोठा अर्थ आहे.

घडीच्या चाकूचा सगळा भार त्या एका खिळ्यावर असतो. खिळा झिजला, सैल झाला, की पाते डुलू लागते. टोकाने जोर देऊन भोसकले किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, तर ते उलटे फिरून मिटते, आणि मिटण्याच्या वाटेवर आपलीच बोटे असतात. ठिबकच्या जाड नळीला चाकूच्या टोकाने भोक पाडताना असे अपघात हमखास होतात. त्या कामासाठी भोक पाडण्याचे स्वतंत्र हत्यार ठिबकच्या दुकानात मिळते, तेच वापरावे.

हा दोष जगभरच्या शेतकऱ्यांनी अनुभवला आहे. फ्रान्समधील साव्वा या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू बनवला. तो तिकडच्या शेतकऱ्यांच्या खिशात रुळला. पण उघडलेले पाते जागच्या जागी अडकवून ठेवणारी फिरती कडी त्या चाकूला १९५५ मध्ये बसली. म्हणजे मधली पासष्ट वर्षे वापरणाऱ्याने आपली बोटे आपणच सांभाळली. आपल्या बाजारातील कितीतरी स्वस्त चाकूंना अजूनही असा अडसर नसतो.

घाईच्या वेळी काय होते?

दुसरा मुद्दा हातांचा. घडीचा चाकू उघडायला बहुधा दोन हात लागतात. पावसाळ्याच्या दिवसांत एका वस्तीवर वासराच्या गळ्याला दाव्याचा फास बसलेला मी पाहिला आहे. मालकाने एका हाताने वासरू उचलून धरले होते. दुसऱ्या हाताने खिशातला चाकू काढला, पण नख अडकवायच्या खाचेत चिखल बसलेला, आणि पाते काही केल्या उघडेना. त्यांच्या पत्नी घरातून विळा घेऊन धावत आल्या आणि त्यांनी दावे कापले, म्हणून वासरू वाचले. गुरे सांभाळणाऱ्याने, मोट गेली तरी विहिरीशी आणि कासऱ्याशी काम असणाऱ्याने, एका हाताने निघेल असे सरळ पातेच जवळ ठेवावे, हे मी तेव्हापासून आग्रहाने सांगत आलो आहे.

मग घडीचा चाकू टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. त्याचे काम वेगळे आहे. कलमे बांधणारे कारागीर घडीचाच चाकू वापरतात, आणि ते योग्य आहे. आपल्या बीड जिल्ह्याच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. सीताफळाची शेंडा कलमे करताना किंवा मोसंबीचा डोळा भरताना पात्याला वस्तऱ्यासारखी धार हवी आणि ती धार कशाला घासता कामा नये. मिटलेले पाते मुठीत सुरक्षित राहते. कामही नाजूक, जोर नाही, घाई नाही. मात्र कलमाच्या चाकूने सुतळी किंवा कांदा कापू नये. त्याची धार त्या कामासाठीच राखावी.

बाजारहाट, प्रवास, लग्नकार्य अशा ठिकाणीही लहान घडीचा चाकू सोयीचा. भगिनींच्या साडीला खिसा नसतो. वेचणीला किंवा खुरपणीला जाताना कित्येक जणी उघडी सुरी कमरेला खोचतात. वाकताना तिचे टोक पोटात शिरू शकते. त्यांनी लहान घडीचा चाकू दोरीला बांधून पिशवीत ठेवावा, किंवा सुरी ठेवायची तर म्यानासकट ठेवावी.

पारख कशी करावी?

घडीचा चाकू घेताना तो पूर्ण उघडून पाते डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खडखडले तर परत ठेवा. उघडे पाते अडकवणारा अडसर असलेलाच चाकू घ्या. बोटे बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबा. मिटू लागले तर तो चाकू कामाचा नाही. मिटल्यावर पात्याचे टोक मुठीबाहेर राहता कामा नये. कळ दाबताच झटकन उघडणारा खटक्याचा चाकू शेतीच्या कोणत्याही कामाचा नाही, तो घेऊच नये.

सरळ सुरीचे पाते चार इंचांपर्यंत पुरेसे आहे. त्याहून लांब पाते मिरवायला बरे, कामाला अवजड. पात्याचा मुठीत जाणारा भाग मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असावा आणि दोन-तीन खिळ्यांनी पक्का केलेला असावा. नुसते टोक ठोकून बसवलेली मूठ उन्हाळ्यात वाळून सैल होते. मूठ गुळगुळीत नको. हात घामेजला तरी पकड राहिली पाहिजे, आणि हात पात्यावर घसरू नये म्हणून पुढे थोडा उंचवटा हवा.

पोलाद कोणते, असे पुष्कळजण विचारतात. न गंजणाऱ्या पोलादाची निगा कमी लागते. साध्या पोलादाला गंज चढतो, पण आपल्या घरच्या दगडावर त्याला लवकर धार येते. आपल्या भागातील घिसाडी व लोहार मोटारीच्या जुन्या पाट्यापासून सुरी घडवून देतात. त्यांनी पाणी नीट दिले असेल तर ती उत्तम चालते. पाणी जास्त झाले तर धार तुकड्यातुकड्याने उडते आणि कमी पडले तर धार वळते. महिनाभर वापरून पाहिल्यावर हे कळते, म्हणून ओळखीच्या कारागिराकडूनच घडवून घ्यावी.

सुरीइतकेच महत्त्व म्यानाला आहे. चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून जाड चामड्याचे म्यान करून घ्यावे. धारेच्या बाजूच्या शिवणीत चामड्याची एक पट्टी घालायला सांगावी, म्हणजे धार शिवण कापणार नाही. म्यान कमरेच्या बाजूला असावे, पोटावर नको. पावसात भिजलेल्या म्यानात सुरी ठेवून झोपलात तर सकाळी गंज पाहायला मिळेल. दोन्ही वेगवेगळी वाळवावीत. खिळ्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. खाण्याचे जिन्नस कापायच्या पात्याला मात्र खाण्याचेच तेल पुसावे.

कोयत्याबद्दल चार शब्द

आपल्या जिल्ह्यात कोयता हे नुसते अवजार नाही, ते मोजमाप आहे. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि मुकादमाची उचलही त्याच हिशेबाने ठरते. दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज इकडून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे निघतात. त्याच वाहनात भांडी, अंथरुणे, लेकरे आणि कोयतेही असतात. रात्रीच्या प्रवासात एक धक्का बसला तर उघडा कोयता कोणाला लागेल याचा नेम नाही. जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा उभा चिरून कोयत्याच्या धारेवर चढवावा, वरून सुतळी बांधावी. हे पाच मिनिटांचे काम आहे. फडातही पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी कोयता ठेवावा.

पात्यावरून रोग जातो

हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. उसाचा खोडवा खुजा राहण्याचा एक जिवाणूजन्य रोग आहे. रोगट उसाचा रस कोयत्याला लागतो आणि तोच कोयता निरोगी उसाला लावला की रोग तिकडे जातो. डाळिंबाचा तेल्या रोगही छाटणीच्या हत्याराबरोबर झाडोझाड फिरतो. म्हणून बेणे तोडताना व छाटणी करताना हत्यार १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावे. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर १ भाग औषधाला ४ भाग पाणी घालावे. हे द्रावण लोखंड खाते, म्हणून काम संपल्यावर हत्यार धुऊन, पुसून तेल लावावे. सरळ पाते बुडवणे व पुसणे सोपे जाते. घडीच्या चाकूच्या सांध्यात रस, माती आणि औषध तिन्ही साचून राहतात. छाटणीसाठी सरळ पाते किंवा कात्री बरी, याचे हे आणखी एक कारण.

कुठे पाते लावू नये?

साप चावला तर जखमेला चाकू लावू नका. चीर देऊन विष निघत नाही, उलट रक्त जाते आणि जखम चिघळते. घट्ट दोरी बांधू नका, तोंडाने ओढू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. १०८ वर फोन करा. सापाच्या विषावरची लस हाच त्यावर इलाज आहे.

जनावराचे पोट फुगले तर चाकूने भोसकू नका. डॉक्टर डाव्या कुशीत ठराविक जागी नळीचे हत्यार वापरतात. चाकूच्या भोकातून पोटातील घाण आत सांडते आणि हाती आलेले जनावर जाते. पशुवैद्यकाला लगेच बोलवा.

स्वतःला कापले तर स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरा आणि हात उंच ठेवा. रक्त थांबले की साबण-पाण्याने धुवा. हळद, चुना, माती भरू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. बोट वाकेनासे झाले किंवा बधिर वाटले, तर आतली शीर किंवा नस तुटली असण्याचा संभव असतो. जखम लहान दिसली तरी उशीर न करता मोठ्या दवाखान्यात जा. आठ दिवसांनी गेलात तर ते बोट पूर्वीसारखे होणे अवघड.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत धरली आहे. घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. तरीही निवडणूक, सण किंवा तंटा अशा काळात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारे बाळगण्यास मनाईचा हुकूम निघतो. अशा दिवसांत सुरी शेतात किंवा घरी ठेवावी. तालुक्याला, सभेला, यात्रेला ती कमरेला लावून जाऊ नये. शेतात जे अवजार असते तेच गर्दीत हत्यार ठरते.

थोडक्यात, शेतात व गोठ्यात म्यानातली लहान सरळ सुरी, कलमांसाठी व प्रवासात अडसर असलेला घडीचा चाकू. दोन्ही घेणे जमत नसेल तर आधी सुरी घ्यावी.

खंडेनवमीला आपण अवजारे धुऊन, कुंकू लावून पूजेला मांडतो. यंदा पूजेआधी घरातले प्रत्येक पाते हातात घेऊन पाहा. सैल मूठ पक्की करून घ्या, डुलणारा चाकू बाजूला काढा, उघड्या सुरीला म्यान शिवून घ्या आणि ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या कोयत्यांना रबरी आवरण चढवा. मग पूजा मांडा.