लष्कराच्या भाकऱ्या, भाजणाऱ्यांची भांडणं

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत रात्री अकराला अडकलेला पोरगा काय करतो? स्क्रीनवरचा लाल एरर जसाच्या तसा उचलतो आणि गूगलमध्ये टाकतो. आता एआयला विचारतो म्हणा, पण त्याआधी बरीच वर्षं गूगल त्याला थेट 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर नेऊन सोडायचं. तिथे जगाच्या भलत्याच कोपऱ्यातल्या कुणीतरी हाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी सोडवून ठेवलेला असायचा, तोही फुकट. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या या मंडळींचे आभार मानून पोरगा झोपायला जायचा. उत्तराखाली बारीक अक्षरात त्यांची आपापसात काय जुंपली आहे, ते वाचत बसायचा नाही. मला मात्र ते वाचायला उत्तराहून जास्त आवडतं.

जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोन प्रोग्रॅमरांनी ही जागा सप्टेंबर २००८मध्ये उघडली. तोवर असली मदत मिळायची ती गप्पांच्या अड्ड्यांवर. प्रश्न पहिल्या पानावर, उत्तर नवव्या पानावर, आणि मधे 'मलाही हाच त्रास आहे'चा रतीब. या दोघांनी गप्पाच छाटल्या. वर प्रश्न, खाली उत्तरं, चांगलं उत्तर लोकांच्या मतांनी वर सरकणार. उत्तराला एक मत मिळालं की १० गुण, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं की १५. गुण हेच इथलं वतन. ५० झाल्याशिवाय दुसऱ्याच्या लिखाणाखाली शेरा मारता येत नाही, २००० झाले की कुणालाही न विचारता त्याचं लिखाण दुरुस्त करता येतं, आणि ३००० झाले की प्रश्न बंद करायला मत देता येतं.

इथली रीतही आपल्याला उफराटी वाटेल अशी. 'नमस्कार', 'आगाऊ धन्यवाद', 'अर्जंट आहे, कृपया मदत करा' असं लिहिलं की कुणीतरी अनोळखी येऊन ते खोडून टाकतो. स.न.वि.वि.शिवाय पत्राला हात न घालणाऱ्या घरातल्या माणसाला हा चक्क उद्धटपणा वाटतो. त्यात आपण शाळेपासून बाईंना 'शंका' विचारत आलेलो, म्हणून इंग्रजीतही 'आय हॅव अ डाउट' लिहून मोकळे होतो. तिकडच्या माणसाला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही की काय! खोडणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: पाच वर्षांनी हे पान उघडणाऱ्याला तुमच्या नमस्काराचं काय करायचंय? मदत नेमकी कुणाला करायची, आज अडलेल्याला की उद्या शोधत येणाऱ्याला, यावर मदत करणाऱ्यांचंच एकमत नाही. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

एक नमुना पाहू. समजा, एका मुलीने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल विचारलं, 'फंक्शनला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली, तर दुसऱ्यांदा वापरताना तिच्यात आधीचाच माल कसा?' कारण साधं आहे. ती लिस्ट प्रोग्रॅम चालताना फंक्शनची व्याख्या होते तेव्हा एकदाच तयार होते आणि पुढे प्रत्येक वेळी तीच वापरली जाते. मिनिटभरात पहिला मदतनीस एका ओळीचं उत्तर ठोकतो आणि मग सावकाश त्यात भर घालत बसतो. पहिल्या पाच मिनिटांतल्या आपल्याच दुरुस्त्यांची नोंद इतिहासात राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दुसरा पंधरा मिनिटं खपून, उदाहरणं चालवून बघून नीट उत्तर लिहितो. तोवर मतं पहिल्याच्या पदरात. दुसऱ्याचा तिळपापड होतो न होतो, तोच तिसरा उगवतो. पायथनवर किमान २०० उत्तरं आणि त्यांना मिळून १००० मतं कमावून सोन्याचा बिल्ला मिळवलेला हा गडी 'हे आधी विचारलंय' म्हणून एकट्याच्या बळावर प्रश्न बंद करतो. त्या वर्तुळात याला हातोडाच म्हणतात.

बिल्लेवाला खोटं बोलत नाही. हा प्रश्न जुलै २००९मध्ये विचारला गेलाय आणि त्याखाली उत्तरांचा ढीग आहे. पण त्यातली निम्मी चर्चा भाषेची रचना अशी का केली, यावर. नवशिक्या मुलीने त्यात आपलं उत्तर शोधायचं म्हणजे आजारी माणसाच्या हातात वैद्यकाचं पुस्तक देण्यासारखं. माझा कौल तरीही हातोड्याला, कारण एकच गोष्ट शंभर ठिकाणी अर्धीमुर्धी सांगितलेली असण्यात कुणाचंच भलं नाही. फक्त त्याने जाता जाता 'त्यातलं अमुक उत्तर वाच' एवढी एक ओळ लिहावी. ती तो बहुधा लिहीत नाही.

उणे मतांचं दुखणं याहून जुनं. नावडत्या उत्तराला उणे मत दिलं की लिहिणाऱ्याचे २ गुण जातात, देणाऱ्याचाही १ जातो, आणि मत गुप्त राहतं. 'कारण तरी सांगा', हे गाऱ्हाणं वर्षानुवर्षं चालू आहे. कारण सांगितलं, तर समोरचा चिडून सांगणाऱ्याच्या जुन्या उत्तरांवर उणे मतांची बरसात करतो. अशी सूडाची मतं हुडकून रद्द करणारी यंत्रणा तिथे आहे, यावरूनच रोग केवढा ते कळावं. मग शहाणी माणसं मत देतात आणि गप्प बसतात.

एप्रिल २०१८मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो चालवणाऱ्या कंपनीनेच जाहीर कबुली दिली, की नवख्यांना ही जागा आपली वाटत नाही. फुकट राबणाऱ्यांतल्या अनेकांना ती झोंबली. पण खरा स्फोट पुढे झाला. चॅटजीपीटी आल्यानंतर आठवडाभरातच, डिसेंबर २०२२मध्ये, त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर तिथे बंदी आली, कारण ती दिसायला सुबक आणि बऱ्याचदा चुकीची. पुढल्या मे महिन्याच्या अखेरीस कंपनीने सदस्यांनी निवडून दिलेल्या नियंत्रकांना कळवलं, की नुसत्या संशयावरून अशी उत्तरं काढू नका. ५ जून २०२३ला नियंत्रकांनी संप पुकारला. बिनपगारी लोकांचा संप! नको असलेला मजकूर साफ करायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं, आणि वाटाघाटी होऊन तोडगा निघेस्तोवर ऑगस्ट उजाडला.

मे २०२४मध्ये कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी तिथला मजकूर वापरू देण्याचा करार केला. काही जुन्या मदतनिसांना वाटलं, आपल्या भाकऱ्या परस्पर विकल्या. त्यांनी स्वतःचीच उत्तरं पुसायला घेतली. पण स्वीकारलेलं उत्तर लिहिणाऱ्याला काढता येत नाही, म्हणून कुणी आतला मजकूर पुसून निषेधाची ओळ घातली. नियंत्रकांनी जुना मजकूर परत आणला आणि काहींची खाती आठवडाभरासाठी गोठवली. 'हे उत्तर आता सगळ्यांचं आहे', हा त्यांचा मुद्दा लिहिणाऱ्याने आधीच मान्य केलेल्या परवान्याच्या अटींना धरूनच होता. पुसणारा बिनपगारी, परत आणणाराही बिनपगारी.