मागीलदारची बाग, विहिरीचे आरोग्य

तारकर्लीत पर्यटक येतात ते समुद्राचे निळे पाणी पाहायला. गावाचे रोजचे जगणे मात्र वेगळ्याच पाण्याशी बांधलेले आहे. मालवणच्या दक्षिणेला, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, अशा वाळूच्या पट्टीवर ही वस्ती आहे. दोन्हीकडे खारे पाणी असताना माडांच्या सावलीतल्या विहिरीला गोडे पाणी लागते. ते गोडे आणि स्वच्छ राहावे यासाठी घरामागची छोटी परसबाग बरेच काही करू शकते.

आधी विहिरीचे विज्ञान समजून घेऊ. पावसाळ्यात वाळूत मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घायबेन-हर्झबर्ग सूत्रानुसार समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा 1 फूट थर असेल, तर खाली सुमारे 40 फुटांपर्यंत गोडे पाणी असते. हाच हिशेब उलटाही लागू पडतो. पंपाने भरमसाट उपसा करून वरची पातळी 1 फुटाने उतरवली, की खालचे खारे पाणी कालांतराने 40 फूट वर सरकू शकते. समुद्राकाठी उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

वाळू सगळेच मुरवते

वाळू पावसाचे पाणी जितक्या लवकर मुरवते, तितक्याच लवकर सांडपाणीही. चिकणमातीत जंतू आणि क्षार अडतात, पाणी हळूहळू झिरपते. भरड वाळूत ही गाळणी कमकुवत असते. न्याहारी-निवासाच्या खोल्या वाढल्या, अंगणात फरशा बसल्या आणि सगळे पाणी एकाच शोषखड्ड्यात सोडले, तर ते विहिरीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

यात दोन धोके आहेत. पहिला जंतूंचा. पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलीलिटर नमुन्यात ई-कोलाय हा जंतू अजिबात आढळता कामा नये. तो आढळला तर मैला मिसळतो आहे असे समजावे. दुसरा धोका नायट्रेटचा. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून दिल्यास, विशेषतः सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

न्हाणीचे पाणी माडाला

कोकणातल्या जुन्या घरांत न्हाणीचे पाणी मागीलदारच्या माडाच्या आळ्यात किंवा केळी-अळवाच्या वाफ्यात सोडलेले असते. ही काटकसर शास्त्राला धरून आहे. मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवतात. त्यातून सुटणारा नत्र केळी, अळू, कर्दळ यांसारख्या खादाड झाडांना हवाच असतो. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या पाणथळ वाफ्यांत कर्दळ लावतात ती याचसाठी.

आकडेही जुळतात. जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज 55 लिटर पाणी धरले, तर पाच जणांच्या घरात 275 लिटर होते. पिण्याचे आणि शौचालयाचे वगळले तरी अंघोळ, धुणीभांडी यांचे दीड-दोनशे लिटर उरते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार आळ्यात पाणी देताना एका माडाला चार दिवसांनी 200 लिटर, म्हणजे दिवसाला 50 लिटर लागते. घरच्या सांडपाण्यावर तीन-चार माड आरामात निभावतात. तेवढा उपसा वाचतो आणि खारे पाणी खाली राहायला मदत होते.

आळ्यात नारळाची सोडणे पुरली तर गरज आणखी घटते. सोडण स्वतःच्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरून ठेवते. माडांच्या सावलीत हळद, आले, सुरण निघतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या ‘लाखीबागे’त माडांमध्ये मिरी, दालचिनी, जायफळ घेतात. तीच पद्धत चार-पाच माडांच्या परसातही चालते.

पथ्ये मात्र पाळावीत. शौचालयाचे पाणी या वाफ्यात कधीही सोडू नये. त्याची नळी वेगळी आणि खड्डा विहिरीपासून शक्य तितका लांब असावा. स्वयंपाकघरातले तेलकट पाणी आधी खडी आणि काथ्यातून जाऊ द्यावे. फिनेल, ब्लीचिंग पावडर वाफ्यात जाऊ देऊ नये. कच्ची खायची पालेभाजी या पाण्यावर घेऊ नये. माट, चवळीसाठी विहिरीचे पाणी वापरावे. दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मागच्या दारी वाफा असला, की ते बाजारावर अवलंबून राहत नाही.

बागेतले सोबती

पाणी साचू देऊ नये, कारण डबक्यात क्युलेक्स डास वाढतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसला तर पावसाचे पाणी साचलेली एक करवंटीही पुरते. करवंट्या पालथ्या घालाव्यात किंवा जाळाव्यात. पावसाळ्यात चिखलात काम करताना गमबूट घालावेत आणि पायाची जखम झाकावी. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच ओल्या मातीतून शरीरात शिरतो.

उंदरांसाठी विष ठेवण्यापूर्वी गव्हाणी घुबड आठवावे. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर तेही दगावू शकते आणि उंदरांचा फुकटचा शिकारी जातो. भारद्वाज गोगलगायी खातो, बेडूक कीटक टिपतात, नारळाच्या फुलोऱ्यावर मधमाश्या येतात. फवारणी जितकी कमी, तितकी ही मंडळी टिकतात. माडाचा शत्रू गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो. खत वरचेवर उलटून अळ्या वेचाव्यात, खड्ड्यात मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळावी.

समुद्राच्या बाजूची मर्यादवेल आणि केवडा उपटू नयेत. ती वाळू धरून ठेवतात, आणि गोडे पाणी त्याच वाळूच्या पोटात साठते.

शेवटी, चवीवर विसंबू नये. जंतू आणि नायट्रेट चवीला कळत नाहीत. पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करावी. अहवालात दोष निघाला, तर विहिरीआधी मागीलदारी जाऊन आपले सांडपाणी कुठे मुरते ते पाहावे.